ओला लॅपटॉप आणि सासऱ्यांचं नाव

फुमेझा मखासीने आयुष्यात एकच गोष्ट कोणाला न विचारता केली होती. तिने लॅपटॉप घेतला होता. लग्न काकांनी ठरवलं, लग्नात काय घालायचं ते आत्यांनी ठरवलं, डोक्याचा रुमाल कपाळावर किती खाली बांधायचा ते सासरच्यांनी ठरवलं. लॅपटॉप मात्र ती एका शुक्रवारी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरात जाऊन हप्त्यावर घेऊन आली. मदांत्साने वस्तीपर्यंत टॅक्सीत मांडीवर धरून बसली आणि सासरे घरात नाहीत अशी वेळ साधून मागच्या दाराने आत शिरली.

त्या लॅपटॉपवर ती मेलेल्या माणसांच्या पुस्तिका करायची. शनिवारी माती असली की गुरुवारपर्यंत पुस्तिका छापून तयार हवी. वर फोटो, आत जन्मापासूनची हकिगत, मग कोण बोलणार, कोण प्रार्थना म्हणणार, कोणतं गाणं आधी. फुमेझाचा या कामात हात धरणारं वस्तीत कोणी नव्हतं. ज्याने बायकोला हयातभर छळलं त्याला ती चार ओळींत 'कुटुंबवत्सल' करून टाकायची, आणि ती बायकोच ते वाचून हुंदके द्यायची. तिसऱ्या विभागातून, बाराव्या विभागातून लोक फोटो घेऊन यायचे आणि 'मखासींच्या सुनेकडे जा' असं एकमेकांना सांगायचे. सहा वर्षांत त्या घरात फुमेझाच्या वाट्याला आलेला मान काय तो एवढाच, आणि तोही बाहेरच्यांनी दिलेला.

घरातले काय द्यायचे ते सांगतो. सासरे, वेलाफी मखासी, गोदीत मुकादम होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मुकादमी काही सुटली नव्हती. सारी वस्ती त्यांना कुळाच्या नावाने 'भेले' म्हणायची आणि तशी हाक ऐकली की ते छाती काढून चालायचे. सुनेला ते 'माकोटी' म्हणायचे. म्हणजे सूनबाई. पण म्हणायची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं मोलकरणीला हाक मारली.

"सहा वर्षांत माझ्या मुलाच्या घरात काय जन्माला आलं?" ते आल्यागेल्याला विचारायचे आणि काठीने टेबलाकडे दाखवायचे. "तो डबा!"

फुमेझा चहा ठेवायची आणि मान खाली घालून आत जायची.

तिथल्या सुनेने सासऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नसतं; 'टाटा', म्हणजे बाबा, एवढंच म्हणायचं. रागात नाही, प्रार्थनेत नाही, तापात बरळतानासुद्धा नाही. लिहायला हरकत नाही, कागदाला जीभ नसते. पण तोंडाने नाव घेणं म्हणजे सासऱ्यांना आणि त्यांच्या मागच्या सगळ्या मेलेल्यांना चव्हाट्यावर उभं करणं. फुमेझाने हे सहा वर्षं पाळलं होतं. नवऱ्याची मोठी बहीण वुयेलवा, नवऱ्याला सोडून माहेरी येऊन राहिलेली, ती डोळ्यांत तेल घालून बसायची की माकोटी कुठे चुकते. या एका बाबतीत तिला कधी संधी मिळाली नव्हती.

लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलीने विचारलं होतं, अपघाताचा विमा हवा का. फुमेझा लगेच हो म्हणाली. विम्याला नाही म्हणणारं माणूस मदांत्सानेत सापडायचं नाही. अंत्यविधीचा विमा घराघरात असतो. माणूस गेलं की विमेवाला येतो, टोपी काढतो, चहा घेतो, दोन शब्द चांगले बोलतो आणि दुसऱ्या दिवशी काम झालेलं असतं. माणसासाठी एवढं करतात तर यंत्रासाठी करणार नाहीत का, असं तिला वाटलं. तिथेच तिचं चुकलं.

डिसेंबरात सासूच्या थडग्यावर बसवलेल्या नव्या दगडाचं अनावरण होतं. चार दिवस आधीपासून मागच्या अंगणात पिंपात दारू आंबत होती, ज्वारीची आणि मक्याची, घरची. पूर्वजांसाठी. सासऱ्यांना या प्रसंगाचीही पुस्तिका हवी होती. 'डबा' म्हणून ज्याला लाथाडायचे त्या डब्यातूनच हवी होती. फुमेझा पुढच्या खोलीत टेबलाशी बसली आणि ते मागे उभे राहून सांगू लागले. हातात पत्र्याचं टमरेल, तोंडाशी पांढरा फेस. दारू चाखायचा मान घरच्या वडीलधाऱ्यांचा आणि तो मान ते सकाळपासून घेत होते.

"माझ्या चुलतभावाचं नाव वर कसं?"

"टाटा, ते वयाने मोठे आहेत म्हणून..."

"वयाने मोठा! दगडाचा खर्च कोणी केला? खाली घे त्याला!" आणि टमरेल टेबलावर ठेवून त्यांनी काठी आपटली. टेबल हाललं, टमरेल कलंडलं आणि सगळी दारू अक्षरांच्या बटणांवर पसरली. पडदा एकदा निळा झाला, मग काळा झाला.

वुयेलवा दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं.

"असली वस्तू टेबलावर ठेवतात का?" सासरे म्हणाले आणि टमरेल उचलून पुन्हा भरायला गेले. दुपारी पाहुण्यांनी पुस्तिकेचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माकोटीचा धक्का लागला. हाताला वळण नाही." वुयेलवाने मान डोलावली.

समारंभ आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी फुमेझाने विमा कंपनीला फोन लावला. स्वयंपाकघरातून, कारण घरात आवाज नीट पोहोचतो अशी तीच एक जागा होती. वुयेलवा तिथेच कोबी चिरत बसली होती. चिरता चिरता तिची सुरी थांबली, म्हणजे कान सुरू झाले.

पलीकडे सिनाझो नावाची मुलगी होती. बोलणं रेकॉर्ड होतंय असं तिने आधीच सांगितलं. भाषा आपलीच होती आणि ती 'सिसी', म्हणजे ताई, म्हणत होती, म्हणून फुमेझाला धीर आला. तो फार वेळ टिकला नाही.

"कोणाच्या हातून सांडलं, सिसी?"

"घरातल्या माणसाच्या."

"नाव?"

"घरातले मोठे."

"घरातले मोठे हे काही नाव नाही. मला अर्जाच्या पुढच्या चौकटीत जाताच येत नाही नावाशिवाय."

फुमेझाने वुयेलवाकडे पाहिलं. वुयेलवाने नजर हटवली नाही. पुढच्या खोलीत रेडिओ चालू होता आणि रेडिओसमोर ते बसले होते, ज्यांचं नाव त्या चौकटीत हवं होतं. फुमेझा म्हणाली, "माझ्याच हातून."

"बरं. काय सांडलं?"

"बिअर. घरची."

"ती तुमच्याच हातात होती?"

एकदा खोट्यात पाय टाकल्यावर मागे कसं यायचं? "हो," फुमेझा म्हणाली.

"लॅपटॉप तपासणीला पाठवून द्या," सिनाझो म्हणाली. तिच्या आवाजावरून काही कळलं नाही. वुयेलवाची सुरी पुन्हा कोबीवर चालू लागली.

दोन आठवड्यांनी लॅपटॉप खोक्यातून परत आला, होता तसाच मेलेला. फुमेझा दुकानात गेली होती. खोकं वुयेलवाने घेतलं, उघडलं, आणि आतला कागद फाटकाशी उभं राहून शेजारणीला वाचून दाखवला. विमाधारक स्वतः मद्य घेत असताना झालेलं नुकसान विम्यात बसत नाही, सबब दावा नामंजूर.

"स्वतः मद्य घेत असताना," वुयेलवाने ते दोनदा वाचलं.

संध्याकाळपर्यंत वस्तीला कळलं की मखासींची माकोटी दिवसा पिते. गुरुवारी बायकांच्या प्रार्थनासभेत प्रमुखबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, काही दिवस सभेचा लाल ब्लाऊज नको घालूस. बाकी मनात काही नाही हं." मनात काही नसणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे असतं ते सगळं त्यांच्या तोंडावर होतं. बाराव्या विभागातल्या एका घराने म्हाताऱ्याचा फोटो परत मागून नेला. मग दुसऱ्या घराने. दुसरीकडून लॅपटॉप मागून आणून तिने काम केलंही असतं, पण आपल्या मेलेल्या बापाची हकिगत बेवड्या बाईकडून कोण लिहून घेईल?

आता घरात ती फक्त चहा ठेवणारी उरली. सासऱ्यांना हे फारच मानवलं. रोज सकाळी ते मोठ्याने विचारायचे, "माकोटी, चहात काही घातलं नाहीस ना?" आणि वुयेलवा खोकेपर्यंत हसायची. ती दारू कोणाच्या हातून सांडली हे घरात तिच्याशिवाय दोघांना पक्कं ठाऊक होतं आणि तेच दोघं हसत होते.

फुमेझाने सिनाझोला परत फोन केला. या वेळी रस्त्यावरून, टॅक्सींच्या गोंगाटात.

"पहिल्यांदा खोटं का बोललात?"

"नाव घ्यायचं नव्हतं."

"कोणाचं?"

"सासऱ्यांचं."

"मलाही सासरे आहेत, सिसी. मीही नाही घेत. पण माझ्यासमोरच्या चौकटीला सासरे नाहीत."

"लिहून देते ना मी. पाहिजे तेवढ्या वेळा लिहून देते."

"तुमचं आधीचं बोलणं रेकॉर्डवर आहे. ते खोडायचं तर रेकॉर्डवरच बोलावं लागतं. मी वर विचारून एक वेळ मागून घेतलीय, शनिवारी दहाची. नाव तुम्ही घ्यायचं. आणि ज्यांच्या हातून झालं त्यांनी तिथेच हो म्हणायचं. त्यानंतर फाईल बंद."

नवरा, लिंडिले, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो त्या दिवशी ब्लूमफाँटेनच्या पुढे कुठेतरी होता, तिथे तिने त्याला फोन लावला.

"बाबांचं नाव घेणार तू? डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग तू सांग त्यांना, स्वतःहून बोला म्हणावं फोनवर."

"मी बाबांना सांगू?" तो असा हसला की जणू तिने त्याला ट्रक उचलायला सांगितला. "सोड गं तो डबा. मी घेऊन देईन दुसरा."

"कधी?"

"बघू."

सहा वर्षं तो सगळ्याला बघू म्हणत आला होता आणि बघायला कधी आला नव्हता.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी फुमेझा सासऱ्यांपुढे गुडघ्यांवर बसली, खांद्यावरची शाल नीट केली, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "टाटा, उद्या दहाला विम्याचा फोन येईल. त्या दिवशी जे झालं ते मी नीट सांगणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. मला दुसरं काही नको."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"टाटा, तुम्हाला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे," सासरे टेकून बसत म्हणाले, "की कंपनीच्या कागदावर लिहिलंय, या घरात माकोटी पिते. छापील आहे. कागद खोटं बोलतो का गं, वुयेलवा?"

"कागद कशाला खोटं बोलेल, टाटा?"

फुमेझाला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा मनापासून तिटकारा आला. सहा वर्षं मनात काय काय येऊन गेलं होतं, भीती, कंटाळा, कधी कीवसुद्धा. तिटकारा नव्हता. तो आला आणि तिला हलकं वाटलं. तिने उठून ताटं वाढली. मीठ व्यवस्थित घातलं.

शनिवारी दहाला फोन वाजला तेव्हा सासरे पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत होते. मुद्दामच बसले होते. माकोटीची जीभ रेटणार नाही याची त्यांना खात्री होती आणि ती गंमत त्यांना जवळून बघायची होती. वुयेलवा दाराशी शेंगा सोलत होती. फुमेझाने फोन टेबलावर, त्याच टेबलावर, मध्यभागी ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. ती गुडघ्यांवर बसली नाही. उभी राहिली.

"रेकॉर्डिंग सुरू आहे," सिनाझो म्हणाली. "लॅपटॉपवर बिअर कोणाच्या हातून सांडली?"

"माझ्या सासऱ्यांच्या."

"त्यांचं नाव?"

वुयेलवाच्या हातातली शेंग अर्धी सोललेलीच राहिली. सासरे किंचित पुढे झुकले, ओठाच्या कोपऱ्यात हसू.

"वेलाफी," फुमेझा म्हणाली.

रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीतलं गाणं आत आलं आणि गेलं.

"माफ करा, आवाज तुटला. पुन्हा सांगता?"

"वेलाफी," फुमेझा मोठ्याने म्हणाली. "वेलाफी मखासी. टेबलावर काठी आपटली वेलाफी मखासींनी, त्यांचं टमरेल कलंडलं आणि दारू सांडली. मी पीत नव्हते. मी पीत नाही. नाव घेता येत नव्हतं म्हणून आधी खोटं बोलले."

"अगं सटवे!" वुयेलवा किंचाळली. शेंगांची परडी उपडी झाली. "वाटोळं होईल तुझं! माझ्या आईच्या दगडावरची माती अजून ओली आहे!"

"श्री. मखासी तिथे आहेत का?" सिनाझोचा आवाज टेबलावरून आला.

सासरे उभे राहिले. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्यांची आई गेल्यापासून त्या घरात त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. कुळाचं नाव होतं, टाटा होतं, मुकादम होतं. उघडं नाव असं भर सकाळी कानावर आल्यावर त्यांना काय करावं ते सुचेना. काठी शोधायला हात गेला. ती खुर्चीलाच टेकलेली होती तरी सापडेना.

"आहे!" ते टेबलावर ओरडले. "मी आहे! कोण बोलतंय?"

"टाटा, मी विमा कंपनीतून. बिअर तुमच्या हातून सांडली का?"

"सांडली! सांडली माझ्या हातून! माझं घर, माझं टेबल, माझी दारू! काय करणार आहेस तू?"

"काही नाही, टाटा. फक्त एक विचारायचं आहे." कागदाचा आवाज आला. "मुद्दाम सांडली का?"

हे फुमेझाला कोणी सांगितलं नव्हतं. पण ते ऐकताक्षणी तिला कळलं की आता सगळं या म्हाताऱ्याच्या जिभेवर आहे. मुद्दाम म्हणाले की अपघात उरत नाही, दावा संपला, आणि नाव घेतल्याचं पाप तेवढं पदरात. सासऱ्यांनाही ते कळलं. गोदीत चाळीस वर्षं माणसं कामावरून काढत आलेला माणूस, कोणत्या शब्दाने समोरच्याची भाकर जाते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सावकाश तोंड उघडलं.

"म्हणा ना, टाटा," दाराशी वुयेलवा पुटपुटली. "हो, मुद्दाम सांडली म्हणा. फेकली म्हणा."

सासऱ्यांची मान गर्रकन तिच्याकडे वळली.

"काय म्हणालीस?"

"म्हणा फेकली म्हणून. कटकट संपेल."

"पूर्वजांची दारू फेकली म्हणू?" म्हातारा गरजला. "तुझ्या आईच्या दगडासाठी केलेली दारू, वेलाफी मखासीने मुद्दाम फेकली म्हणू? परक्या मुलीला सांगू? तिच्या मशीनमध्ये राहू दे ते कायमचं?" ते टेबलाकडे वळले आणि फोनवर इतके वाकले की दाढी टेकली. "ए पोरी! लिही! मुद्दाम नाही! वेलाफी मखासी पूर्वजांच्या वाट्याची दारू मुद्दाम सांडत नाही! हात लागला! चुकून! लिहिलंस?"

"लिहिलं, टाटा. धन्यवाद."

"धन्यवाद कसले!" त्यांनी कंबर सरळ केली. आता काठी सापडली होती. ती त्यांनी फुमेझावर रोखली. "आणि तू. तू ज्या तोंडाने ते नाव घेतलंस, ते तोंड माझ्या घरात चहा ओतणार नाही. चालती हो. बापाकडे जा. त्याला सांग काय केलंस ते. शेळी घेऊन ये, पांढरी, शिंगवाली, आणि बरोबर तुझ्या घरची दोन माणसं क्षमा मागायला. शेळीशिवाय या फाटकात पाय टाकायचा नाही."

"चार शेळ्या!" वुयेलवा म्हणाली. शेंगा तिच्या पायाशी तशाच पसरल्या होत्या. "नाव चारदा घेतलंय."

चूक झाली की सुनेला माहेरी धाडतात, दंडाची शेळी घेऊन ती परत येते, सासरचे ती कापून खातात आणि पुन्हा सगळं होतं तसं सुरू होतं. चार घरं सोडून राहणारी सून दोनदा अशी जाऊन आली होती. परत येऊन कुठे बसायचं, कोणता चहा कोणाला आधी द्यायचा, हे सगळं फुमेझाला डोळ्यांपुढे दिसलं. शेळीचं आतडं मागच्या अंगणात धुताना आपणच दिसलो.

"सिसी फुमेझा, आहात का?" फोनमधून सिनाझो हळू आवाजात विचारत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "दावा मंजूर होतोय. नवीन लॅपटॉप दहा दिवसांत पाठवतील. पत्ता तोच का, मदांत्साने, सातवा विभाग?"

"नाही," फुमेझा म्हणाली. तिने फोन टेबलावरून उचलून कानाला लावला. "पत्ता बदलायचा आहे. झ्वेलित्शा, माझ्या वडिलांचं घर. घर क्रमांक चौदाशे बावीस."

"चौदाशे बावीस." बटणं दाबल्याचा आवाज आला. "इथे एक चौकट आहे, सिसी, ती भरावी लागते. हा पत्ता तात्पुरता की कायमचा?"

सासरे काठी रोखून उभे होते. वुयेलवा कान देऊन उभी होती. फुमेझाने डोक्याचा रुमाल सोडला, घडी केला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"कायमचा लिहा," ती म्हणाली.